ओझे न टाकता मोजणे : कुलाब्यापासून खोडदपर्यंत

१/
मित्रहो, या मालिकेत आजवर किल्ले झाले, तह झाले, बंदरे आणि ताम्रपटही झाले. आजचा धागा एका विद्युत् मंडलाविषयी आहे. त्याचे नाव बफर ॲम्प्लिफायर. तळहातावर मावेल एवढे हे मंडल कोणत्याही बखरीत सापडणार नाही. तरीही अत्यंत क्षीण गोष्ट मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाला गेल्या शंभर वर्षांत कधी ना कधी त्याच्या दाराशी यावे लागले आहे. महाराष्ट्रात या मंडलामागच्या विचाराचा माग काढला, तर तो कुलाबा, अलिबाग, तुर्भे, कल्याण आणि जुन्नर तालुक्यातील खोडद असा लागतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. मे महिन्यात आमच्या कसालकडच्या विहिरी तळाला जातात. झरा बारीक, पाणी बेताचे. विहिरीत पाणी किती आहे हे पाहण्यासाठी कोणी पंप लावला, तर पंपच ते पाणी उपसून टाकील आणि 'विहीर कोरडी आहे' असे उत्तर देईल. दोरीला दगड बांधून सोडला, तर पातळीही कळते आणि पाणीही जागेवर राहते.

विजेच्या बाबतीत नेमके हेच घडते. स्रोताचा झरा जितका बारीक, तितका त्याचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मोठा. अशा स्रोताला साधे मापनयंत्र जोडले की यंत्र स्वतःसाठी प्रवाह ओढते आणि जे मोजायचे तेच नाहीसे होते. म्हणून मापनयंत्राचा स्वतःचा इम्पीडन्स स्रोताच्या कितीतरी पट अधिक असावा लागतो.

३/
याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. निरभ्र दिवशी मोकळ्या मैदानावर जमिनीपासून वर जावे तसा विद्युत्दाब दर मीटरला सुमारे १०० व्होल्टने वाढतो. या हिशोबाने उभ्या माणसाच्या पायाशी आणि डोक्याच्या उंचीवर दीडशेहून अधिक व्होल्टचा फरक पडायला हवा. तरी आपल्याला धक्का बसत नाही. हवा जवळजवळ विद्युत्‌रोधक असल्याने तिच्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो. आपले शरीर त्या मानाने उत्तम वाहक असल्याने आपण उभे राहताच आपल्याभोवतीचा दाब जमिनीच्या दाबाशी बरोबरी करतो.

तिथे साधा व्होल्टमीटर नेला, तर तो शून्य दाखवील. दाब होता, मीटर जोडला आणि तो गेला.

४/
या अडचणीवर एकोणिसाव्या शतकाने दिलेले उत्तर म्हणजे इलेक्ट्रोमीटर. ग्लासगोचे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६०च्या दशकात त्याला विश्वासार्ह रूप दिले. चार धातुखंडांच्या मध्ये एक हलके पाते बारीक तंतूने टांगलेले असते. विद्युत्भारांच्या आकर्षण-प्रतिकर्षणाने पाते वळते आणि त्याच्या वळण्यावरून दाब कळतो. प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. दोरीला बांधलेला दगड तो हाच.

मात्र त्यात एक उणीव होती. पात्याला वजन असते. ते वळून स्थिर होईपर्यंत वेळ जातो. सावकाश बदलणारा दाब ते इमानाने दाखवते. सेकंदाच्या हजाराव्या भागात झालेला बदल त्याच्या लक्षातही येत नाही. उच्च इम्पीडन्स साधला होता, वेग साधला नव्हता. या धाग्यातील पुढची सारी गोष्ट या दोन गुणांना एकत्र आणण्याची आहे.

५/
आता मुंबईत येऊ. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद सुरू झाली. १८९६ साली नानाभाई मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे १९३०च्या सुमारास कुलाब्याचे तत्कालीन संचालक सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी मुंबईवरून जाणाऱ्या गडगडाटी ढगांखालील विद्युत्क्षेत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेच बॅनर्जी १९४४ साली भारतीय हवामानशास्त्र विभागाचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

ढगाखाली क्षेत्राची दिशा कशी उलटते, पावसाबरोबर ते कसे बदलते, हे मिनिटामिनिटाने टिपता येते. वीज चमकते तो क्षण टिपायला मात्र जड पात्यापेक्षा चपळ काहीतरी हवे असते.

६/
मूस यांच्या काळातील एक प्रसंग इथेच सांगतो, कारण धाग्याच्या शेवटी त्याची गरज पडणार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणण्याची योजना पुढे आली. ट्रामच्या रुळांतून व जमिनीतून वाहणारा प्रवाह कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडवणार, हे उघड होते. पर्याय दोन : ट्राम थांबवायची किंवा वेधशाळा हलवायची. चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला नेण्यात आली. इमारत बांधताना लोखंडासारखे चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळले गेले. १९०४ साली तिथे नोंदी सुरू झाल्या. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप ठेवून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळवला गेला. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली, आणि १८४१ पासूनची मालिकाही तुटली नाही.

७/
इलेक्ट्रोमीटरच्या पात्याला पर्याय मिळाला तो निर्वात नलिकेमुळे, म्हणजे व्हॉल्व्हमुळे. नलिकेच्या जाळीवर, ग्रिडवर, दाब दिला की आतला इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कमी-अधिक होतो आणि जाळी स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. इलेक्ट्रॉनांना वजन नगण्य, म्हणून वेगही प्रचंड.

या नलिकेची एक विशेष जोडणी म्हणजे कॅथोड फॉलोअर. इंग्लंडचे अभियंते ॲलन ब्लुमलीन यांनी १९३४ साली तिच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. ते त्या वेळी दूरचित्रवाणीवर काम करत होते, आणि दूरचित्रवाणीला अत्यंत सावकाश बदलांपासून सेकंदाला लाखो वेळा होणाऱ्या बदलांपर्यंत सारे एकाच तारेतून न्यायचे असते. याच व्याप्तीला वाइडबँड म्हणतात.

८/
या जोडणीचा गुण प्रथम ऐकताना विचित्र वाटतो : ती दाब वाढवतच नाही. आत एक व्होल्ट, तर बाहेर एक व्होल्टला थोडा कमी. मग उपयोग काय?

जुन्या गावगाड्यातील दवंडी आठवा. पाटील आपल्या ओट्यावर बसून हलक्या आवाजात चार शब्द सांगतो. दवंडी पिटणारा तेच चार शब्द, एकही न बदलता, चावडीपासून वेशीपर्यंत पोहोचवतो. मजकूर पाटलाचा, घसा दवंडीवाल्याचा. बफरचे काम हेच. तो स्रोताकडून फक्त मजकूर घेतो. लांब केबल ओढण्याची ताकद आपल्या विद्युत्पुरवठ्यातून घालतो. स्रोतावर ओझे पडत नाही.

९/
हा दवंडीवाला बसवायचा कुठे, यावर सारे यशापयश ठरते. एक हिशोब पाहू. समजा स्रोताचा इम्पीडन्स १० लाख ओहम आहे. नेहमीच्या समाक्ष केबलमध्ये दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारिता असते. म्हणजे केबल ही स्वतःच एक घागर, जी भरल्याशिवाय दाब पुढे दिसत नाही. स्रोत आणि यंत्र यांच्यात अशी एकच मीटर केबल ठेवली, तर सेकंदाला सुमारे १,६०० आवर्तनांच्या पलीकडचे बदल पुसट होत जातात. दहा मीटर ठेवली, तर मर्यादा १६० वर येते.

आता बफर थेट स्रोताशेजारी बसवा आणि त्याच्या तोंडाशी फक्त २ पिकोफॅरड धारिता राहू द्या. मर्यादा सुमारे ८०,००० आवर्तनांवर जाते. स्रोत तोच, केबलही तीच. फक्त बफर केबलच्या अलीकडे आला.

१०/
ती दोन पिकोफॅरडपर्यंतची मजल गाठण्यासाठी रचनाकार आणखी एक युक्ती करतात. दोन माणसे दोरीची दोन टोके धरून एकाच वेगाने चालली, तर दोरीला ताण बसत नाही. त्याचप्रमाणे बफरचे निर्गम आदानाच्या पावलावर पाऊल टाकत असल्याने तोच दाब आदानाच्या तारेभोवतीच्या आवरणाला दिला, तर तार आणि आवरण यांच्यात फरकच उरत नाही आणि त्यांच्यातील धारिता भरण्याचे काम वाचते. या युक्तीला बूटस्ट्रॅप म्हणतात.

धोकाही आहे. निर्गमाला लांब केबलची धारिता जोडली की हे मंडल कधी कधी स्वतःच आंदोलने करू लागते, म्हणजे दवंडीवाला पाटलाने न सांगितलेलेच ओरडू लागतो. उपाय बहुधा साधा असतो : निर्गमाच्या वाटेत काही ओहमचा एक छोटा रोधक. विद्यार्थी ज्यावर रात्र रात्र घालवतात ते दोष अनेकदा असल्या एका रोधकाने दूर होतात.

११/
मुंबईच्या उत्तरेकडे तुर्भे, म्हणजेच ट्रॉम्बे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनकडून आले होते. भट्टीची रचना आणि बांधणी इथे झाली. तिची नियंत्रणव्यवस्था अय्यागारी सांबशिव राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाने तयार केली.

या गटासमोरचा प्रश्न वर सांगितलेलाच होता. भट्टीतील न्यूट्रॉनांची संख्या ज्या आयनन-कक्षाने मोजतात, त्यातून येणारा प्रवाह अतिक्षीण असतो. माणसाला भट्टीपासून दूर बसावे लागते, म्हणून केबल लांब असते. अशा ठिकाणी संवेदकाजवळचा पहिला टप्पा चुकला, तर पुढची सारी यंत्रणा चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवते. अणुभट्टीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

१२/
ही यंत्रे बाहेरून विकत आणता आली असती. तसे न करण्याचा निर्णय होमी भाभा यांच्या धोरणाचा भाग होता. १९६३ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली गेली. १९६२च्या युद्धाने रेडिओ आणि रडार यांतील आपली परावलंबिता उघडी पाडली होती. समितीचा अहवाल १९६६ मध्ये आला, तेव्हा भाभा हयात नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले होते. तुर्भ्याच्या इलेक्ट्रॉनिक्स गटातून १९६७ साली हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली, आणि राव तिचे पहिले प्रमुख झाले.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. विकत आणलेल्या यंत्राचा आकडा आपण मानतो. स्वतः बांधलेल्या यंत्राचा आकडा आपण तपासू शकतो, कारण तो कुठे चुकू शकतो हे आपल्याला ठाऊक असते.

१३/
याच धोरणाची दुसरी शाखा आकाशाकडे गेली. परदेशी काम करणाऱ्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी १९६१ साली भाभांना पत्र लिहून भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याची तयारी दाखवली. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातील पॉट्स हिल येथे वापरून झालेल्या १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या त्या देशाने भारताला भेट दिल्या होत्या. त्या कल्याणला मांडून १९६५ साली सूर्याचे रेडिओवेध सुरू झाले. पुढे १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली.

त्यानंतरचा मुक्काम जुन्नर तालुका. सातवाहनकाळी कल्याणहून नाणेघाट चढून माल जुन्नरला जाई, हे या धाग्याच्या वाचकांना ठाऊक आहेच. आपल्या रेडिओ खगोलशास्त्राने उटीचा वळसा घेऊन तोच प्रवास केला.

१४/
नारायणगावाजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ तीन बाहूंवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. पोलादी दोऱ्यांवर ताणलेल्या तारांच्या जाळीची स्वरूप यांची रचना वाऱ्याला वाट देते आणि वजन व खर्च दोन्ही वाचवते. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जे. आर. डी. टाटा यांच्या स्मृतीस अर्पण झाली.

इथले संकेत किती क्षीण? रेडिओ खगोलशास्त्राचे एकक जान्स्की. ते वॅटमध्ये लिहायचे, तर दशांशचिन्हानंतर २५ शून्ये आणि मग १, तेही दर चौरस मीटर आणि दर हर्ट्झमागे. जीएमआरटी याच्याही हजारो पटींनी मंद स्रोत पाहते.

१५/
इथे एक बारकावा सांगायलाच हवा. रेडिओ दुर्बिणीत सर्वत्र उच्च इम्पीडन्सचा बफर चालत नाही. योग्य लांबीच्या द्विध्रुव अँटेनाचा इम्पीडन्स सुमारे ७३ ओहम असतो, आणि जिथे आकाश शांत असते त्या उच्च वारंवारतांवर अँटेना आणि ॲम्प्लिफायर यांचा नीट मेळ घालून प्रत्येक कण वसूल करावा लागतो.

परंतु लांब तरंगांकडे गेले की चित्र पालटते. ३० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १० मीटर, ९० मेगाहर्ट्झला ३.३ मीटर. एकच द्विध्रुव दोन्हींना योग्य लांबीचा असू शकत नाही. आखूड पडला की त्याचा इम्पीडन्स फार मोठा होतो. साध्या मेळजोडणीने एवढी व्याप्ती साधता येत नाही, हे बोडे आणि फानो यांनी १९४०च्या दशकात गणिताने दाखवून दिले.

१६/
अशा वेळी रचनाकार मेळाचा आग्रह सोडतात आणि आखूड अँटेनाच्या मुळाशीच उच्च इम्पीडन्सचा, वाइडबँड बफर बसवतात. सक्रिय अँटेना ती हीच. थोडी कार्यक्षमता जाते, पण ते परवडते. कारण ५० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशगंगा स्वतःच इतकी तेजस्वी असते की आकाशाचे रेडिओ-तापमान काही हजार केल्व्हिन भरते. त्यापुढे ॲम्प्लिफायरची स्वतःची खरखर किरकोळ ठरते.

जीएमआरटीवरही ३० ते ९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी व्ही आकाराच्या द्विध्रुवांची एक यंत्रणा बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या सहभागाने विकसित झाली आणि पहिल्या टप्प्यात तीसपैकी चार तबकड्यांवर बसवली गेली. पुढे साऱ्या दुर्बिणीचेच नूतनीकरण झाले : एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ पाहणारी दुर्बीण आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत पाहते. वाइडबँड हा शब्द ब्लुमलीन यांच्या दूरचित्रवाणीपासून आपल्या खोडदपर्यंत असा पोहोचला.

१७/
आता सहाव्या भागातील ट्रामकडे वळतो. खोडदची निवड करताना एक कारण असे होते की पुण्या-मुंबईच्या रेडिओ-गोंगाटापासून सह्याद्रीच्या डोंगररांगा तिथे आडोसा देतात. आज तो आडोसा पुरेसा नाही. मोबाइल, वीजवाहिन्या, ठिणगी पडणारे प्रत्येक यंत्र या दुर्बिणीला ऐकू येते. अलीकडे पुणे-नाशिक निम-अतिजलद रेल्वेचा नियोजित मार्ग जीएमआरटीजवळून जातो म्हणून आक्षेप आला आणि तो मार्ग बदलण्याचा विषय निघाला. नारायणगाव-जुन्नर भागातील लोकांना रेल्वे हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आकाशगंगेसाठी स्थानक सोड, असे पुण्यात बसून सांगणे सोपे आहे.

१८/
मग बफरने हा प्रश्न सुटेल का? नाही, आणि ते समजण्यासाठीच हा धागा एवढा लांबवला. चांगला बफर स्रोताचा मजकूर अक्षरशः पुढे नेतो. पाटील बोलत असताना शेजारी कोणी ढोल बडवत असेल, तर निष्ठावान दवंडीवाला ढोलही पोहोचवील. उलट पट्टा जितका रुंद, तितका अधिक गोंगाट आत येतो. मंडल स्रोतावर ओझे न टाकण्याची हमी देऊ शकते. स्रोताभोवती शांतता निर्माण करणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. ती शांतता समाजाने द्यावी लागते आणि तिची किंमत कोणी मोजायची हेही समाजानेच ठरवावे लागते.

त्या वेळी ट्रामही आली आणि नोंदीही वाचल्या, कारण मुंबईजवळ अलिबाग होते आणि चुंबकमापी उचलून नेता येत होते. ४५ मीटरच्या ३० तबकड्या उचलून नेता येत नाहीत. म्हणून या खेपेला वाट रेल्वेने शोधायची की दुर्बिणीने सोसायचे, हा प्रश्न अभियंत्यांइतकाच आपलाही आहे. त्यावर मत बनवताना जुन्नरच्या प्रवाशाला पर्यायी मार्ग मिळतो का, हेही विचारले पाहिजे.

१९/
शेवटी एक सूचना. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडदला दरवर्षी विज्ञानप्रदर्शन भरते आणि सर्वसामान्यांना दुर्बीण जवळून पाहता येते. शिवनेरीला जाणाऱ्यांनी एखाद्या वर्षी ती तारीख साधावी. दुर्बिणीच्या परिसरात मोबाइल बंद ठेवावा लागतो. तबकडीच्या मध्यावर, वर उंच धरलेल्या पेटीकडे पाहा. आकाशातून आलेल्या संकेताची पहिली राखण त्याच पेटीत होते.

धागा समाप्त. शंका असतील तर खाली विचाराव्यात.